दोनशे ऐंशी अश्वशक्तीची मूळ प्रत

२०१३ साली ऑकलंडहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात ई-मेल. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर त्याने काही वर्षे आमच्याकडेच तासिका तत्त्वावर शिकवले, आणि पत्नीला तिकडे परिचारिकेची नोकरी मिळाली तेव्हा तिच्यासोबत तो न्यूझीलंडला गेला. एका गोदामात देखरेखीचे काम करू लागला. वडिलांचे इचलकरंजीत गॅरेज असल्याने मोटारींचे वेड घरचेच. पत्रासोबत तीन छायाचित्रे होती. एक करड्या रंगाची, चाकांवर जरा जास्तच खाली बसलेली मोटार. दुसरे जपानी अक्षरांनी भरलेला आणि मोटारीची रेखाकृती काढलेला एक कागद. तिसरे गाडीच्या पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेली एक धातूची पट्टी. खाली त्याने लिहिले होते : 'सर, ही गाडी घेऊ की नको, हे तुम्हाला विचारत नाही. ते बाबांना विचारले आहे. तुम्हाला एवढेच विचारतो की, हिची मूळ प्रत कोणती म्हणायची?'

हा पाठचिकित्सेच्या तासाचा सूड होता हे उघड आहे. मला स्कूटरच्या पलीकडे वाहनांत गती नाही. पण प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि त्याच्या मागे मागे जाताना जे वाचावे लागले ते इतके आपल्या विषयाच्या जवळचे निघाले की, ते कधीतरी लिहून काढावे असे मनात होते.

मोटार होती निसान स्कायलाइन जीटी-आर, 'आर३२' या पिढीची, म्हणजे १९८९ ते १९९४ या काळात बांधलेली. या नावाची गाडी त्याआधीही होती. पहिली १९६९ मध्ये आली. दुसऱ्या पिढीच्या, १९७३ च्या आसपासच्या, केवळ १९७ गाड्या निघाल्या आणि नाव बंद पडले. सोळा वर्षांनी ते परत आले तेव्हा गाडीला सहा सिलिंडरचे, दोन टर्बो लावलेले इंजिन होते. टर्बो म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकासाठी थोडक्यात सांगायला हवे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते. जे धुराड्यातून वायाच जायचे त्याच्यावर काम करून घ्यायचे, अशी ही काटकसरी कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने तिचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. काटकसरीने जन्मलेली ही वस्तू पुढे उधळपट्टीचे प्रतीक झाली, हा भाग वेगळा. जपानमध्ये मात्र तिला प्रवेश मिळाला तो काटकसरीच्याच नावाने. १९७९ मध्ये निसानने सेड्रिक या मोटारीत टर्बो बसवला, तेव्हा सरकारची परवानगी मिळवताना इंधनबचतीचे कारण पुढे केले गेले.

म्हणजे या इतिहासात पहिल्यापासूनच कागदावर एक आणि धातूत दुसरे, असा प्रकार आहे. त्याचा कळस म्हणजे २८० चा आकडा.

१९८८ मध्ये जपानच्या रस्त्यांवर अपघातात मरणाऱ्यांची संख्या पुन्हा वर्षाला दहा हजारांच्या वर गेली. सरकार अस्वस्थ होते, आणि मोटार कंपन्यांत मात्र कोणाचे इंजिन किती ताकदीचे याची शर्यत लागलेली. तेव्हा कंपन्यांनी आपसांत एक समझोता केला : देशात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मोटारीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त जाहीर करायची नाही. हा कायदा नव्हता. सभ्य गृहस्थांनी एकमेकांना दिलेला शब्द होता. १९८९ मध्ये आलेल्या जीटी-आरच्या पत्रिकेत म्हणूनच २८० हा आकडा छापलेला आहे. पुढे १९९५ ची आर३३ आली, १९९९ ची आर३४ आली, इंजिन सुधारत गेले, आकडा तोच. इतर कंपन्यांच्या जबरदस्त गाड्यांवरही तोच. २००४ मध्ये होंडाने ३०० अश्वशक्तीची लेजंड आणली तेव्हा हा समझोता संपला. मधली पंधरा वर्षे मात्र एक संपूर्ण उद्योग एका आकड्यावर गोठून उभा होता, आणि तो आकडा खरा नाही हे बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, सगळ्यांनाच ठाऊक होते. कारखान्यातून जशीच्या तशी आलेली जीटी-आर मोजणीयंत्रावर चढवली तर ती तीनशेच्या पुढे भरे.

याहून रंजक गोष्ट इंजिनाच्या आकाराची. हे इंजिन २५६८ घनसेंटिमीटरचे आहे. अडीच लिटर नाही, तीन नाही, असा हा विचित्र आकडा का? कारण गाडी रस्त्यासाठी नव्हे, शर्यतीसाठी कल्पिलेली होती. 'ग्रुप ए' नावाच्या शर्यतींत टर्बो असलेल्या इंजिनाचा आकार १.७ ने गुणून धरत, आणि त्यावरून गाडीचा वर्ग आणि तिला लावता येणाऱ्या टायरांची रुंदी ठरे. २५६८ ला १.७ ने गुणा : सुमारे ४३६६. साडेचार लिटरच्या मर्यादेत नेमके बसते. नियमाच्या पुस्तकातून उलट मोजत मोजत इंजिन काढलेले आहे. शर्यतीच्या गाडीत याच इंजिनातून पाचशेहून अधिक अश्वशक्ती काढल्या गेल्या, आणि त्यासाठी लागणारा मजबूत बिडाचा ठोकळा रस्त्यावरच्या गाडीलाही मिळाला. मग रस्त्यावरची गाडी २८० वर आणायची कशी? टर्बोचा दाब ठरवणाऱ्या नळीत एक बारीकसा अडथळा बसवून. तो काढला की दाब वाढतो. एवढेच.

या अडथळ्यापाशी मी बराच वेळ थांबलो. एखाद्या ग्रंथाच्या मुद्रित प्रतीत लेखकाने स्वतःच एक जागा अशी सोडावी की वाचकाने ती भरावी, आणि सेन्सॉरला मात्र पान पूर्ण दिसावे, असे काहीसे हे आहे. गाडी बांधणाऱ्यांना पुढे काय होणार हे कळत नसेल असे मानणे कठीण आहे. कारण ती 'पूर्ण' करणारे लोक आधीपासूनच तयार होते. एचकेएस ही टर्बोचे सुटे भाग विकणारी कंपनी १९७३ मध्ये स्थापन झाली होती. 'ऑप्शन' हे फेरफार केलेल्या मोटारींना वाहिलेले मासिक १९८१ पासून निघत होते. जपानी कायदा मात्र कडक. शाकेन नावाची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी करावी लागते. ती खर्चिक असते, आणि नियमबाह्य फेरफार तिथे अडकतो. त्यामुळे तपासणीपूर्वी मूळ भाग परत बसवायचे, तपासणी उरकली की पुन्हा काढायचे, असा एक उद्योग चालत असे. गाडीबरोबर मूळ भागांचे खोके जपून ठेवण्याची पद्धत यातूनच आली. १९९५ मध्ये सरकारने फेरफारांचे नियम बरेच सैल केले आणि यातले पुष्कळसे उजेडात आले.

इथे एक वाङ्मयीन नोंद केल्यावाचून राहवत नाही. मिचिहारु कुसुनोकी यांची 'वांगान मिडनाइट' ही चित्रकादंबरी १९९० मध्ये सुरू झाली. अकिओ असाकुरा नावाच्या शाळकरी मुलाला भंगारात निघालेली एक जुनी निसान सापडते. इंजिन वाढवलेले, दोन टर्बो बसवलेले, बांधणारा एक विक्षिप्त कारागीर. ती विकत घेतल्यावर कळते की आधीचा मालक याच गाडीत मेला, आणि त्याचे नावही अकिओ असाकुराच होते. पुढचे शेकडो अंक म्हणजे या एका जुन्या गाडीचे वाचन आहे असे म्हटले तरी चालेल. आधीच्या मालकाच्या बहिणीला ती मोडीत निघावी असे वाटते; बांधणाऱ्याला आपली कृती पुन्हा भेटल्यासारखे वाटते; नव्या मालकाला आपण गाडी चालवतो आहोत की आधीच्याचे आयुष्य, हे सांगता येत नाही. वापरलेली वस्तू घेणे म्हणजे कोणाच्या तरी इच्छेचा वारसा घेणे, हा विषय मराठी कथेत वाड्यांच्या आणि दागिन्यांच्या रूपाने येतो. यंत्राच्या रूपाने तो आपल्याकडे फारसा का आला नाही, याचा कोणी अभ्यासकाने विचार करावा.

आता गाडी समुद्रापार कशी गेली ते पाहू. जपानी टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात आर३२ ने एकूण एक, म्हणजे २९ च्या २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट येथील प्रसिद्ध शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिम रिचर्ड्‌स आणि मार्क स्कैफ यांनी हिच्यावर जिंकली. तिला 'गॉडझिला' हे नाव ऑस्ट्रेलियातल्याच एका मोटार-मासिकाने दिलेले. १९९२ ची शर्यत पावसाने पूर्ण होण्याआधीच थांबवावी लागली, मागच्या फेरीचा निकाल धरला गेला, आणि स्थानिक मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या गर्दीने विजेत्यांची हुर्यो उडवली. विजयमंचावरून रिचर्ड्‌सने त्या गर्दीला शिवी हासडली. त्याच शर्यतीत त्याचा मित्र, माजी जगज्जेता डेनी हल्म गाडी चालवताना हृदयविकाराने मेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ती शिवी वेगळी ऐकू येते. पुढच्या वर्षापासून तिथले नियम बदलले आणि टर्बोला जागा उरली नाही.

पण रस्त्यावर ती येतच राहिली, जुनी होऊन. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीचे निर्बंध काढले. जपानमध्ये तपासणीच्या खर्चाने नकोशी झालेली गाडी तिथे चांगली किंमत मिळवी. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही सोय होतीच. जहाजेच्या जहाजे भरून जुन्या मोटारी येऊ लागल्या. १९९८ पर्यंत तिथले मोटारी जुळवण्याचे कारखानेही बंद झाले. एका देशाची मोडीत काढायची गाडी दुसऱ्या देशाची नवी गाडी झाली.

माझ्या विद्यार्थ्याने पाठवलेला दुसऱ्या छायाचित्रातला कागद याच प्रवासातला : जपानी लिलावगृहाचा तपासणीपत्रक. हा दस्तऐवज प्रत्येक साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा पाहावा. वर गाडीची प्रत ठरवणारा आकडा, चार किंवा साडेचार असला तर उत्तम. आकड्याऐवजी 'आर' हे अक्षर असले तर गाडी ठोकलेली असून दुरुस्त केली आहे असे समजायचे. बाजूला गाडीची रेखाकृती आणि तिच्यावर बारीक खुणा : ओरखड्याला एक अक्षर, पोच्याला दुसरे, लांबी भरून रंगवलेल्या पत्र्याला तिसरे, बदललेल्या भागाला दोन फुल्या. तपासनिसाला गाडीबद्दल प्रेम नाही, द्वेष नाही; तो फक्त वाचतो आणि टिपतो. या गाडीच्या पत्रकावर मीटर बदलल्याची नोंद होती. मूळ वेगमापक १८० पर्यंतच दाखवतो, म्हणून हौशी मालक तो काढून ३२० पर्यंतचा बसवत. त्याबरोबर किलोमीटरची गणनाही शून्यापासून सुरू होई. म्हणजे गाडी किती चालली हे कोणीच सांगू शकत नाही, आणि यात लबाडी असेलच असेही नाही. मीटर मागे फिरवणारे ठग वेगळे. त्यांचाही त्या काळात सुळसुळाट होताच.

तिसऱ्या छायाचित्रातली धातूची पट्टी न्यूझीलंडची. फेरफार केलेली गाडी तिथे प्रमाणित तपासनिसाकडून तपासून घ्यावी लागते, आणि मग कोणकोणते फेरफार मान्य झाले त्यांची यादी असलेली पट्टी गाडीवर ठोकतात. या गाडीवरच्या पट्टीत मोठे टर्बो, बदललेले शॉक अब्सॉर्बर आणि चालकाची सीट यांची नोंद होती. पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेली पुष्पिकाच ही. फरक एवढाच की लेखनिक बहुधा आपण काही बदलले नाही असे सांगतो, आणि ही पट्टी काय बदलले ते सांगते.

वडिलांनी इचलकरंजीहून दिलेला सल्ला त्याने मला कळवला होता, आणि तो मला कोणत्याही पाठचिकित्सेच्या ग्रंथातल्या सूचनांइतकाच मोलाचा वाटतो. त्यांनी विचारले : इंजिन उघडले आहे का, आणि उघडले असेल तर कोणी? सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घे. आकडे कमी असले तरी चालतील, पण सारखे हवेत. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लाव. आधीच गरम करून ठेवले असेल तर उठून ये. निळा धूर म्हणजे तेल जळते, पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत जाते. बॉनेटखालच्या वायरी बघ. ज्याने जोड नीट झाकला आहे त्याने आतले कामही नीट केले असेल.

या शेवटच्या वाक्यात सगळे आले. कारण फेरफार आणि फेरफार यांत अंतर असते. या गाडीच्या मूळ टर्बोतली चक्रे सिरॅमिकची आहेत, हलकी आणि ठिसूळ. मूळ टर्बो तसेच ठेवून कोणी नुसता दाब वाढवत नेला तर ती फुटतात. पेट्रोलचे प्रमाण न वाढवता हवा वाढवली तर पिस्टन वितळतो. सुरुवातीच्या आर३२ इंजिनांत तेलाच्या पंपाला फिरवणारा क्रॅंकचा भाग अपुरा रुंद आहे. मूळचा हा दोष नंतरच्या जाणत्या कारागिरांनी दुरुस्त केला. तेव्हा इथे 'मूळ' ते चांगले आणि 'प्रक्षिप्त' ते वाईट, हा आपला आवडता हिशोब चालत नाही. आणि सरळ सरळ बनावट प्रतीही असतातच : साध्या स्कायलाइनला जीटी-आरचा पत्रा चढवून विकतात. तिथे एकच साक्षीदार, इंजिनाच्या बाजूची पट्टी. तिच्यावर 'बीएनआर३२' असेल तर जीटी-आर. 'एचसीआर३२' असेल तर सोंग.

त्याने गाडी घेतली. ती इकडे आणता येईल का, असे वडिलांनी विचारून पाहिले. पण तीन वर्षांहून जुनी मोटार भारतात आयात करता येत नाही, आणि आणली असती तरी आपल्या कायद्याचे कलम ५२ आडवे आले असते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार नोंदणीस पात्र नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

प्रश्न तिथेच मिटला असता. पण अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे. तिथल्या सुरक्षानियमांना धरून न बांधलेली परदेशी मोटार पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आत येत नाही. १९८९ ची जीटी-आर ऑगस्ट २०१४ मध्ये पंचवीस वर्षांची झाली. ज्यांनी ती फक्त संगणकावरच्या खेळात आणि चित्रपटांत पाहिली होती ती पोरे आता चाळिशीकडे झुकली होती आणि त्यांच्या हाती पैसा आला होता. भाव चढू लागले. २०२३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर याने चित्रपटात चालवलेली आर३४ लिलावात तेरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. आणि याच चढत्या बाजारात मूल्याचा काटा उलटा फिरला. आधी ज्या गाडीवर नामांकित कारागिराचा हात फिरला तिला मान. आता जिला कोणाचाच हात लागला नाही तिला. निसाननेही २०१७ च्या अखेरीस आर३२ चे बंद झालेले मूळ भाग पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. सुमारे ४४ हजार आर३२ जीटी-आर बांधल्या गेल्या. त्यांतल्या न छेडलेल्या फार थोड्या. तेव्हा छेडलेल्या गाड्या पुन्हा न छेडलेल्या करण्याचा धंदा उभा राहिला.

मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. २८० अश्वशक्तीची, अडथळा जागच्या जागी असलेली गाडी ही मूळ प्रत आहे असे म्हणायला आधार काय? तो एका समझोत्यासाठी सजवलेला पाठ. शर्यतीची गाडी आधी कल्पिली गेली, रस्त्याची तिच्यातून उतरली. म्हणजे 'मूळ' म्हणावे तर शर्यतीच्या गाडीला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पद्धत घातली, तेव्हा आपण व्यासांची संहिता परत मिळवतो आहोत असा दावा त्यांनी केला नाही. हस्तलिखितांच्या आधाराने जिथवर मागे जाता येते तिथवर जायचे, एवढीच प्रतिज्ञा. आणि गाळलेले श्लोक त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, कारण शेकडो वर्षे लोकांनी महाभारत म्हणून तेही ऐकले होते. मोटारीचा पुनरुद्धार करणारा मात्र गाळलेला श्लोक भंगारात विकतो. योकोहामाच्या किंवा नागोयाच्या कुठल्या तरी गल्लीत १९९६ साली कोणा कारागिराने रात्री जागून केलेले जोडकाम अशा वेळी कायमचे पुसले जाते. उलट बाजूही खरी आहे. भिकार जोडकाम जपण्यात काही पुण्य नाही, आणि ज्याच्या अंगावर बँकेचे कर्ज आहे त्याला इतिहासाची जपणूक करा असे मी इथे बसून सांगणे सोपे आहे.

कारण २०१९ मध्ये त्याचे दुसरे पत्र आले ते याच संदर्भात. एका अमेरिकी ग्राहकाचा दलाल आला होता. गाडी कारखान्यातून निघाली तशी करून दिली तर देऊ केलेली किंमत ऑकलंडमध्ये घराच्या पहिल्या हप्त्याची तरतूद करणारी होती. आहे तशी दिली तर बरीच कमी. काम अशक्य नव्हते : आधीच्या मालकाने गाडीबरोबर एक खोके दिले होते, त्यात दोन्ही मूळ टर्बो जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते.

मी त्याला वर लिहिले तेच सगळे, याहून लांबलचक लिहून पाठवले. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले. पत्नीचे म्हणणे गाडी विकावी, बाबांचे म्हणणे ज्याने वायरी इतक्या नीट जोडल्या त्याचे काम उखडू नये, आणि दोघांचेही बरोबर आहे. शेवटी त्याने गाडी आहे तशी, पट्टीसकट, कमी किमतीला विकली, घेणारा क्राइस्टचर्चचा. खोके मात्र द्यायचे राहून गेले, असे तो म्हणतो. ते अजून त्याच्या घरात पलंगाखाली आहे, आणि टर्बोभोवतीच्या वर्तमानपत्राची तारीख वाचून देणारा कोणी जपानी जाणणारा माणूस तुमच्या विद्यापीठात आहे का, असे त्याने गेल्या दिवाळीत विचारले आहे.